युद्धकालीन शासकीय प्रचार

युद्धकालीन शासकीय प्रचार : युद्धप्रसंगी स्वकीय नागरिकांचे मनोधैर्य टिकविणे, सैन्यभरती, युद्धकर्ज, अन्नबचत इ. कार्यांत त्यांचे सहकार्य मिळविणे, तटस्थ राष्ट्रांची सहानुभूती संपादन करणे आणि शत्रूचा आत्मविश्वास खच्ची करणे, या हेतूंनी शासनसंस्था वृत्त, विचार व भावना यांचा जो पद्धतशीर उपयोग करते, त्यास युद्धकालीन शासकीय प्रचार असे म्हणतात. शांततेच्या काळातील शासकीय जनसंपर्काहून तो दोन बाबतींत भिन्न आहे. एक तर, त्याला अभ्यवेक्षणाची (सेन्सॉरशिपची) जोड असते. म्हणजे काय सांगावे याबरोबरच काय सांगू नये, हेही शासनच ठरविते. दुसरे असे, की शासनाच्या कथनाची सत्यता पडताळून पाहण्याचे साधन बहुतेक नागरिकांपाशी त्या वेळी नसते. त्यामुळे, ज्या काळी नागरिकांकडून सर्वाधिक त्यागाची अपेक्षा केली जाते, त्याच काळी त्यांना सर्वांत कमी माहिती उपलब्ध असते. या विषयातील बहुतेक सर्व वादांचे मूळ या विसंगतीत आहे.

स्वरूप व प्रकार : प्रचाराचा उगम कितपत उघड आहे, यावरून त्याचे तीन प्रकार सामान्यतः मानण्यात येतात. शासनाच्या नावाने उघडपणे केलेला प्रचार तो शुभ्र प्रचार. ज्याचा उगम संदिग्ध ठेवलेला असतो तो करडा प्रचार. आणि जो प्रत्यक्षात एका पक्षाचा असून दुसऱ्याच पक्षाचा म्हणून भासविला जातो, तो कृष्ण प्रचार होय. श्रोतृवर्गानुसारही स्वकीय, मित्र, तटस्थ व शत्रू असे चार भाग पडतात. एका वर्गासाठी तयार केलेला मजकूर दुसऱ्या वर्गाच्या कानी पडल्यास उलट परिणाम होण्याचा संभव असतो; म्हणून या चारही शाखांत समन्वय साधणे हे प्रचारयंत्रणेचे कठीण काम समजले जाते.

वृत्तपत्रे, पत्रके, भित्तिपत्रके, व्याख्याने, चित्रपट व नभोवाणी ही विसाव्या शतकातील प्रचाराची प्रमुख साधने होती. त्यांत पुढे दूरचित्रवाणीची आणि एकविसाव्या शतकात आंतरजालाची व समाजमाध्यमांची भर पडली. साधने बदलली, तरी मूलभूत तंत्रे फारशी बदललेली नाहीत. युद्ध न्याय्य व अपरिहार्य आहे असे दाखविणे, त्याची जबाबदारी शत्रूवर टाकणे, शत्रूचे क्रौर्य ठळकपणे मांडणे आणि विजयाची खात्री देणे, हे प्रचाराचे चार मुख्य विषय होत. हॅरल्ड लासवेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्रावरील आपल्या १९२७ च्या ग्रंथात या विषयांची चिकित्सा केली आहे.

पहिले महायुद्ध (१९१४–१८) : युद्धप्रचार प्राचीन काळापासून चालत आला असला, तरी त्यासाठी शासनाचे स्वतंत्र खाते असण्याची प्रथा पहिल्या महायुद्धात रूढ झाली. लक्षावधी सैनिक, त्यांना पुरवठा करणारे कारखाने आणि खर्चासाठी लागणारे कर्ज हे सर्व सामान्य जनतेतून उभारावयाचे असल्याने जनतेची संमती ही युद्धसामग्रीइतकीच आवश्यक ठरली.

ग्रेट ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर लगेच, ५ ऑगस्ट १९१४ रोजी, जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या. परिणामी जर्मनीचा अमेरिकेशी असलेला थेट तारसंपर्क तुटला व तेथील वृत्तपत्रांना युद्धवार्ता मुख्यतः लंडनमार्गे मिळू लागल्या. सप्टेंबर १९१४ मध्ये चार्ल्स मास्टरमन यांच्या नेतृत्वाखाली लंडनमधील वेलिंग्टन हाउस येथे युद्धप्रचार कार्यालय गुप्तपणे सुरू झाले. आर्थर कॉनन डॉइल, एच्. जी. वेल्स, टॉमस हार्डी प्रभृती लेखकांना त्याने विचारविनिमयासाठी पाचारण केले. या कार्यालयाची पुस्तके नामांकित प्रकाशनसंस्थांच्या नावाने निघत. त्यामुळे त्यांच्यामागे शासन आहे, हे वाचकांच्या लक्षात येत नसे. सक्तीची लष्करभरती ब्रिटनमध्ये १९१६ मध्ये आली. तोपर्यंत स्वेच्छाभरतीवर भर असल्याने भित्तिपत्रकांना विशेष महत्त्व प्राप्त झाले होते. वाचकाकडे रोखून बोट दाखविणारे लॉर्ड किचनर यांचे ॲल्फ्रेड लीट याने काढलेले चित्र सप्टेंबर १९१४ मध्ये एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर प्रथम आले आणि पुढे भरतीचे प्रतीक बनले.

ऑगस्ट १९१६ मध्ये प्रदर्शित झालेला द बॅटल ऑफ द सॉम हा चित्रपट प्रचाराच्या इतिहासात उल्लेखनीय आहे. सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी (१ जुलै १९१६) ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० सैनिक हताहत झाले व त्यांपैकी १९,२४० मृत्यू पावले. या आघाडीवरील मृत व जखमी सैनिकांची दृश्ये या चित्रपटाने, काही अंशी का होईना, जनतेस दाखविली. त्यातील खंदकातून चढाई करण्याचे प्रसिद्ध दृश्य मात्र आघाडीमागे मुद्दाम घडवून चित्रित केलेले होते. वास्तव व बनावट यांचे असे मिश्रण युद्धकालीन चित्रपटांत पुढेही आढळते.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १३ एप्रिल १९१७ रोजी जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या अध्यक्षतेखाली लोकमाहिती समिती स्थापन केली. सरसकट अभ्यवेक्षणापेक्षा माहितीचा पूर वाहता ठेवणे अधिक परिणामकारक, असे क्रील यांचे मत होते. समितीने रोजचे शासकीय वार्तापत्र काढले, अनेक भाषांतून कोट्यवधी पत्रके वाटली आणि चार्ल्स डाना गिब्सन यांच्या नेतृत्वाखाली चित्रकारांचा विभाग चालविला. चित्रपटगृहात रिळे बदलण्यास लागणाऱ्या सुमारे चार मिनिटांत भाषण करणाऱ्या स्वयंसेवी वक्त्यांचे तिचे दल विशेष गाजले. या वक्त्यांची संख्या सु. ७५,००० होती. युद्धकर्जरोख्यांची विक्री, अन्नबचत व सैनिकनोंदणी हे त्यांच्या भाषणांचे विषय असत.

या मोहिमेची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. जर्मन वंशाच्या नागरिकांविषयी संशय बळावला, अनेक शाळांतून जर्मन भाषेचे अध्यापन बंद झाले व एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात एका जर्मन स्थलांतरिताची जमावाने हत्या केली. हेरगिरीविरोधी कायदा (१९१७) व राजद्रोहविषयक कायदा (१९१८) यांमुळे युद्धविरोधी मतप्रदर्शन दंडनीय ठरले. समाजवादी नेते यूजीन डेब्झ यांना एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२१ मध्ये त्यांची सुटका करण्यात आली. अनुनयाने मिळविलेली एकवाक्यता आणि कायद्याच्या धाकाने लादलेली एकवाक्यता यांमधील सीमारेषा युद्धकाळात किती पुसट होते, याचे हे उदाहरण होय.

अत्याचारकथा व विश्वासार्हता : १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व फ्रान्समध्ये सु. ६,५०० नागरिकांना ठार मारले, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले आहे. तथापि लॉर्ड ब्राइस यांच्या समितीने मे १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या सत्य घटनांबरोबरच शपथेवर न घेतलेल्या व न पडताळलेल्या साक्षींचाही समावेश होता. १९१७ मध्ये तर जर्मन लोक सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढतात, अशी वार्ता पसरविण्यात आली. ती निराधार असल्याचा जर्मन शासनाचा खुलासा ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलिन यांनी १९२५ मध्ये संसदेत मान्य केला. आर्थर पॉन्सन्बी यांच्या फॉल्सहुड इन वॉरटाइम (१९२८) या ग्रंथाने अशा अनेक कथांचे खंडन केले आणि त्यात काही खऱ्या घटनाही खोट्यांच्या पंक्तीत जाऊन बसल्या.

याचे परिणाम पुढच्या पिढीला भोगावे लागले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आरंभिलेल्या ज्यूंच्या संहाराच्या वार्ता १९४२ मध्ये पश्चिमेकडे येऊ लागल्या, तेव्हा या पूर्वानुभवामुळे अनेक संपादक व अधिकारी त्यांकडे साशंकतेने पाहू लागले. दोस्त राष्ट्रांनी १७ डिसेंबर १९४२ रोजी संयुक्त निवेदन काढून या संहाराचा निषेध केला; परंतु त्यानंतरही अविश्वास पूर्णतः ओसरला नाही. एका युद्धातील असत्य दुसऱ्या युद्धातील सत्याचे बळ कसे हरण करते, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे महायुद्ध (१९३९–४५) : जर्मनीत योझेफ गोबेल्स यांच्या अधिपत्याखालील प्रचारमंत्रालय १९३३ पासूनच कार्यरत होते. वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रपट व साहित्य ही सर्व क्षेत्रे त्याच्या नियंत्रणाखाली होती. स्वस्त रेडिओसंच घरोघरी पोहोचविण्यात आले. मात्र युद्धारंभी परकीय नभोवाणी ऐकणे हा गुन्हा ठरविण्यात आला. विजयाच्या काळात ही यंत्रणा प्रभावी ठरली. स्टालिनग्राडच्या पराभवानंतर १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बर्लिन येथील भाषणात गोबेल्स यांनी सर्वंकष युद्धाचे आवाहन केले. परंतु बाँबहल्ल्यांचा प्रत्यक्ष अनुभव घेणाऱ्या जनतेचा शासकीय वार्तांवरील विश्वास तेव्हापासून उत्तरोत्तर कमी होत गेला.

ब्रिटनचे माहितीमंत्रालय सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले. त्याचा आरंभ अडखळत झाला. ‘तुमचे धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आम्हांस विजय मिळवून देईल’ या आशयाच्या त्याच्या पहिल्या भित्तिपत्रकावर, त्याग जनतेचा व विजय राज्यकर्त्यांचा असा अर्थ त्यातून ध्वनित होतो, अशी टीका झाली. लोकमताची पाहणी करणाऱ्या मंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांचीही हेर म्हणून संभावना झाली. तथापि या पाहण्यांमधून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. उपदेशापेक्षा माहिती लोकांना अधिक धीर देते आणि वाईट बातमीपेक्षा दडविलेल्या बातमीने अफवा अधिक पसरतात, असे दिसून आले. ब्रेंडन ब्रॅकन यांच्या कारकीर्दीत (१९४१–४५) मंत्रालयाने उपदेशाचा सूर सोडून वृत्तपत्रांना अधिकाधिक माहिती देण्याचे धोरण स्वीकारले. रिकाम्या जागेत भाजीपाला पिकविणे, बेसावधपणे न बोलणे इ. व्यवहारोपयोगी सूचना देणाऱ्या मोहिमा या काळात यशस्वी झाल्या. बीबीसीने पराभवाच्या वार्ताही दिल्यामुळे व्याप्त यूरोपात तिच्या विजयाच्या वार्तांवर विश्वास ठेवला गेला. मात्र याच काळात ब्रिटनची गुप्त केंद्रे जर्मन केंद्रे असल्याचे भासवून कृष्ण प्रचारही करीत होती.

भारतातील युद्धप्रचार : पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी हिंदुस्थान सरकारने मध्यवर्ती प्रसिद्धी मंडळ नेमले, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक स्टॅन्ली रीड हे त्याचे उपाध्यक्ष होते. त्याच वर्षी १० जून रोजी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी भरविलेल्या प्रांतिक युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक यांनी सहकार्याचा प्रश्न स्वराज्याच्या मागणीशी जोडला. त्यांना भाषण पुरे करू देण्यात आले नाही, तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले. राजकीय हक्कांवाचून केवळ आवाहनाने जनतेचे मन जिंकता येणार नाही, हा या प्रसंगाचा मथितार्थ होता.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न अधिक तीव्र झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी भारतीय नेत्यांचा विचार न घेता भारत युद्धात सामील झाल्याचे घोषित केले आणि काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अशा परिस्थितीत प्रचाराची बरीच मोठी यंत्रणा मुंबईत उभारली गेली. १९४० मध्ये तेथे फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. जे. बी. एच्. वाडिया त्याचे पहिले अध्यक्ष होते व व्ही. शांताराम यांनी काही काळ त्याचे मुख्य निर्माते म्हणून काम पाहिले. १९४३ मध्ये त्याची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया व इंडियन न्यूज परेड या संस्थांनी घेतली आणि भारत संरक्षण नियमांन्वये मान्यताप्राप्त अनुबोधपट व वृत्तपट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे करण्यात आले. हे पट परकीय सत्तेचा प्रचार म्हणून अप्रिय ठरले व १९४६ मध्ये त्यांची निर्मिती थांबली. तथापि या अनुभवातून तयार झालेले तंत्रज्ञ व वितरणव्यवस्था स्वतंत्र भारताच्या फिल्म्स डिव्हिजनला (स्थापना मुंबई, १९४८) उपयोगी पडली. ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

बीबीसीच्या पौर्वात्य सेवेत इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४१ ते १९४३ या काळात काम केले. त्यांनी लिहिलेल्या काही साप्ताहिक वार्तापत्रांची मराठी, गुजराती इ. भाषांतील रूपांतरे प्रसारित होत. वेणू चितळे या मराठी लेखिका त्यांच्या सहकारी होत्या. दुसरीकडे सुभाषचंद्र बोस यांची जर्मनीतून १९४२ पासून होणारी भाषणे भारतात चोरून ऐकली जात. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत चालविलेले गुप्त काँग्रेस रेडिओ हे केंद्र ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले जाईपर्यंत, शासन दडपीत असलेल्या चळवळीच्या वार्ता देत राहिले. शासकीय वृत्तावरील विश्वास उडाला, की श्रोता अन्य उगमाकडे वळतो, हे त्यावरून दिसते.

अभ्यवेक्षणाचे सर्वांत दारुण उदाहरण बंगालच्या दुष्काळाचे होय. १९४३ मध्ये शत्रूस लाभ होईल या सबबीवर दुष्काळाच्या वार्तांवर निर्बंध होते. कलकत्त्याच्या द स्टेट्समन या दैनिकाचे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी भूकबळींची छायाचित्रे छापली आणि त्यानंतरच या आपत्तीकडे भारताबाहेरील लोकांचे लक्ष वेधले गेले. या दुष्काळात सु. ३० लाख लोक मृत्युमुखी पडले असा अंदाज आहे. मनोधैर्यरक्षणाच्या नावाखाली राखलेले मौन मदतीच्या आड येऊ शकते, हे येथे प्रत्ययास येते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६२ च्या चिनी आक्रमणप्रसंगी राष्ट्रीय संरक्षण निधीस जनतेने उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. १९६५ च्या युद्धकाळात पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी दिलेली ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा आणि आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे त्यांचे आवाहन परिणामकारक ठरले. स्वीकृत नेतृत्वाचे साधे आवाहनही यशस्वी होते, याचे ते गमक आहे. आणीबाणीच्या तरतुदी मात्र युद्ध संपल्यावरही टिकून राहिल्या. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी पुकारलेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत, तर ३ डिसेंबर १९७१ ची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत अंमलात होती.

१९७१ च्या बांगला देश मुक्तिसंग्रामात पाकिस्तानी लष्कराने आपली बाजू मांडण्यासाठी एप्रिलमध्ये आठ पाकिस्तानी पत्रकारांचा पूर्व बंगालमध्ये दौरा घडवून आणला. त्यांपैकी बेळगाव येथे गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले अँथनी मस्कारेन्हस यांनी अपेक्षित वृत्त लिहिण्याऐवजी लंडन गाठले आणि १३ जून १९७१ रोजी संडे टाइम्समध्ये प्रत्यक्ष पाहिलेल्या कत्तलींची हकीकत प्रसिद्ध केली. प्रचारासाठी योजिलेला दौराच प्रचार उघडा पाडण्यास कारण झाला. याउलट भारताने निर्वासितांच्या छावण्या परदेशी पत्रकारांना पाहू दिल्या, सु. एक कोटी निर्वासितांचे दृश्य कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक बोलके होते. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल माणेकशा यांची शरणागतीची आवाहने नभोवाणीवरून व पत्रकांद्वारे पाकिस्तानी सैनिकांपर्यंत पोहोचविण्यात आली. त्यांत जिनीव्हा संकेतांनुसार वागणुकीची हमी असल्याने, केवळ धमकीपेक्षा त्यांचे मूल्य अधिक होते. १९९९ च्या कारगिल संघर्षात दूरचित्रवाणीमुळे युद्धवार्ता प्रथमच भारतीयांच्या घरोघरी रोज दिसू लागल्या. त्याच वेळी पाकिस्तानच्या शासकीय वाहिनीच्या केबल प्रक्षेपणावर बंदी घालण्यात आली.

अलीकडील प्रवाह : व्हिएटनाम युद्धात अमेरिकन लष्कराची आशावादी दैनंदिन निवेदने आणि जानेवारी १९६८ मधील टेट आक्रमणाचे दूरचित्रवाणीवर दिसलेले वास्तव यांतील तफावतीने शासनाची विश्वासार्हता ढासळली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेंटॅगॉन कागदपत्रांनी ती आणखी खालावली. २००३ मध्ये इराककडे सर्वसंहारक अस्त्रे असल्याचे कारण देऊन युद्ध पुकारण्यात आले. अशा अस्त्रांचे साठे तेथे सापडले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी कीव्हच्या रस्त्यावरून भ्रमणध्वनीवर चित्रित केलेला संदेश प्रसृत करून आपण देश सोडला नसल्याचे दाखविले. रशियाने मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘असत्य माहिती’ देण्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. युक्रेनमध्येही अनेक शत्रुविमाने पाडणाऱ्या एका अनामिक वैमानिकाची कथा लोकप्रिय झाली होती; ती केवळ दंतकथा असल्याचे तेथील हवाई दलाने त्याच वर्षी मान्य केले.

मूल्यमापन : नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २० व्या अनुच्छेदाने युद्धाला चिथावणी देणारा प्रचार कायद्याने निषिद्ध करावा असे म्हटले आहे. तथापि सुरू झालेल्या युद्धात शासनाने केलेल्या प्रचाराच्या सत्यतेवर परिणामकारक आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही. सैन्याच्या हालचाली, शस्त्रांची स्थिती इ. बाबी गुप्त ठेवण्याचा शासनाचा अधिकार सर्वमान्य आहे. वाद आहे तो अपयश, हानी व चुका झाकण्यासाठी त्याच अधिकाराचा आश्रय घेण्यासंबंधी. गुप्तता व असत्य या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची गरज युद्धाबरोबर संपते. दुसरीची किंमत युद्धानंतरही द्यावी लागते.

आतापर्यंतच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. प्रचार लोकांच्या मनातील भावनेला वळण देऊ शकतो, परंतु जी भावना मुळातच नाही ती निर्माण करणे त्यास क्वचितच साधते. पराधीन भारतातील प्रचारयंत्रणेचे अपयश हे त्याचे उदाहरण होय. प्रत्यक्ष अनुभवाच्या विरोधी जाणारा प्रचार फार काळ टिकत नाही. वाईट बातमी वेळीच सांगणाऱ्या शासनाच्या चांगल्या बातमीवर लोक विश्वास ठेवतात. लोकशाही राष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. युद्ध चालू ठेवावे की थांबवावे, याचा अंतिम निर्णय तेथे नागरिकांच्या मतावर अवलंबून असतो. म्हणून त्यांची दिशाभूल ही केवळ नैतिक चूक न राहता, ज्या व्यवस्थेच्या रक्षणासाठी युद्ध लढले जाते, तिच्याच पायावर होणारा आघात ठरते.